दिवाळीत मुलांना किती भेटवस्तू द्याव्यात?

माझं उत्तर आधीच सांगते: आई-बाबांकडून दोन. नवे कपडे यात धरू नका, ते सणाचेच. एक भेट मुलानं मागितलेली, दुसरी सगळ्यांनी मिळून करायची. पण त्यासाठी तयारी वसुबारसेच्या पंधरा दिवस आधीच सुरू करावी लागते.

१. आधी कपाट उघडा
घराची साफसफाई चाललेलीच असते. त्यातच मुलाला शेजारी बसवून खेळण्यांचे तीन ढीग करा: रोजची, मोडलेली आणि विसरलेली. गेल्या वर्षी आमच्या विसरलेल्या ढिगात रिमोटची गाडी निघाली. आतले सेल फुटून पांढरी पूड जमली होती. गाडी महिनाभरही चालवली नव्हती. तिच्याच शेजारी बुटांच्या खोक्यात, किल्ल्यावरचे मावळे मात्र एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते. एकाचा मोडलेला भाला लेकीनं काडी चिकटवून नीट केला होता. त्या दिवशी मला तिची आवड नव्यानं कळली.

२. बाकीच्यांच्या भेटी मोजा
आजी-आजोबा, मामा, मावशी, आत्या, शेजारच्या काकू. भाऊबीजेपर्यंत सहज पाच-सहा वस्तू जमतात. म्हणून आधीच फोन करा. नुसतं ‘काही आणू नकोस’ म्हटलं तर कोणी ऐकत नाही आणि मन दुखावतं ते वेगळंच. त्यापेक्षा नेमकं सुचवा: “दादा, या वेळी मोठं खेळणं नको, तिला किल्ल्यासाठी चार मावळे आण.” आत्याला मुलांचा दिवाळी अंक सुचवता येतो. आजी-आजोबांना मात्र आकड्यात बांधू नये, असं मला मनापासून वाटतं.

३. वय बघा
तीन वर्षांच्या आतल्या बाळाला एक खेळणं पुष्कळ झालं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. घरात आधीच ढीग असेल तर निम्मी खेळणी माळ्यावर ठेवा, दोन महिन्यांनी काढा. विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहून घ्या. कारखान्यात बनलेल्या खेळण्यांवर ते २०२१पासून बंधनकारक आहे.

४. दुसरी भेट वेळेची
आमच्याकडे ती किल्ल्याची असते. विटा रचायच्या, त्यावर भिजवलेलं पोतं टाकायचं, माती लिंपायची आणि वर हळीव पेरायचे. रोज पाणी शिंपडलं की चार दिवसांत हिरवंगार होतं. बाबांनी सुट्टी काढून मुलांबरोबर मातीत हात घालणं, हीच भेट. भाऊबीजेनंतर सिंहगडासारखा खरा किल्ला दाखवता आला तर उत्तमच. पैशांची ओढाताण असेल त्या वर्षी दुकानातली भेट वगळा, पण ही वगळू नका.

५. एकदम देऊ नका
मागितलेली वस्तू पाडव्याला द्या. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान, फराळ, फुलबाज्या एवढं सगळं असतं, त्यात नवं खेळणं हरवतं. दोन भावंडं असतील तर संख्या सारखी ठेवा. किंमत सारखी नसली तरी चालतं. लहान मुलं किंमत नाही, पुड्या मोजतात. आणि भाऊबीजेची ओवाळणी मुलाला स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घालू द्या. वीस रुपयांच्या पिना असोत, त्यानं दुकानात उभं राहून निवडलेल्या असाव्यात.

“त्याला पाच मिळाल्या, मला दोनच का?” हे येणारच. तेव्हा दुसऱ्यांच्या घराला नावं ठेवू नका. “आपल्या घरी आई-बाबा दोन देतात,” एवढं शांतपणे सांगा आणि पुढच्या वर्षी आकडा बदलू नका.

तुळशीच्या लग्नापर्यंत कोणत्या वस्तू हातात राहिल्या आणि कोणत्या कोपऱ्यात गेल्या, ते फराळाच्या यादीच्या वहीतच लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीची खरेदी त्या पानावरून करा.