नियमांवरून वाद घालण्याआधी समोरच्याच्या डोक्यातला माणूस ओळखा

सरकारने अमुक गोष्टीवर बंधन आणावं की नाही, यावर भांडण सुरू झालं की आधी आकडे फेकू नका, सरळ विचारा, कोणी बघत नसेल तर लोक कसे वागतील असं तुला वाटतं? उत्तरातच अर्धं मत कळतं.

"संधी मिळाली की लबाडी करणारच" म्हणणारा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सच्या वळणाचा, हॉब्सने १६५१ मध्येच लिहून ठेवलं होतं की वरून धाक नसेल तर सगळे एकमेकांच्या जिवावर उठतील. अशा माणसाला इन्स्पेक्टर, दंड, लायसन्स सगळं हवं असतं. अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ रूसो उलट म्हणायचा, माणूस मुळात बरा, समाज त्याला बिघडवतो.

पण इथे थांबू नका, दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक जण विसरतात: मग तो इन्स्पेक्टर कोण, तोही माणूसच ना? अमेरिकेच्या राज्यघटनेचा एक शिल्पकार मॅडिसन, त्याने १७८८ मध्ये नेमकं हेच पकडलं, माणसं देवदूत असती तर सरकार लागलं नसतं, आणि राज्य करणारे देवदूत असते तर त्यांच्यावर लगाम लागला नसता. म्हणजे माणूस स्वार्थी आहे असं मानणारा कडक नियमांच्या बाजूने पण जाऊ शकतो आणि विरोधात पण (मला स्वतःला हे उशिरा कळलं).

शेवटी एलिनॉर ऑस्ट्रॉमचं उदाहरण टाका, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल. जंगल, पाणी, मासेमारी असल्या सामायिक गोष्टी लोक कधीकधी स्वतःच नियम करून, एकमेकांवर लक्ष ठेवून नीट सांभाळतात हे तिने दाखवलं. यावर समोरचा काय म्हणतो ते ऐका.