जुनी रोड बाइक फिक्सी करताय? या चुका टाळा

फिक्सी म्हणजे एकाच गिअरची सायकल, जिच्यात चाक फिरतं तोवर पायडलही फिरतच राहतं. त्यासाठी सेकंडहँड रोड बाइक बघताना आपलं लक्ष रंगाकडे आणि गंजाकडे जातं. आधी मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच बघा. ती आडवी किंवा तिरकी हवी, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच सरळ उभी असेल तर फ्रेम कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. डिरेलर (गिअर बदलणारा भाग) किंवा चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर लावून भागवू म्हणाल, तर फिक्सीवर ते चालत नाही. पायडल मागे दाबलं की सगळा ताण चेनच्या खालच्या बाजूवर येतो आणि टेन्शनर मोडतो.

सगळ्यात धोकादायक काटकसर होते ती मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात. जुन्या हबवरचा फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) काढायचा, त्याच आट्यांवर कॉग (चाकाबरोबरच फिरणारं दातेरी चक्र) घट्ट बसवायचा आणि आटे चिकटवायचा गोंद लावायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या पहिल्या फिक्सीवर मी हेच केलं होतं. काही दिवस छान गेले. मग एका उतारावर पायांनी वेग रोखायला गेलो आणि पायडल अचानक हलकं झालं. पुढचा ब्रेक ठेवला होता म्हणून थांबू शकलो. चाक उघडलं तर कॉग बोटांनी फिरत होता आणि आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा अडकला होता.

कारण साधं आहे. पुढे पायडल मारलं की कॉग घट्ट होतो, मागे दाबलं की उघडू बघतो. ट्रॅक हबवर, म्हणजे फिक्सीसाठीच्या हबवर, कॉगच्या बाहेर लॉकरिंगसाठी (कॉगला अडवून धरणारी कडी) वेगळे, उलटे आटे असतात. त्यामुळे कॉग सुटू लागला की लॉकरिंग आणखी आवळली जाते. पैसे खर्च करायचेच तर ट्रॅक हब असलेल्या चाकावर करा. हँडल, सीट, पायडल जुनेच राहू द्या. आणि पुढचा ब्रेक काढू नका, कितीही सुटसुटीत दिसत असलं तरी.

ट्रॅक हब बहुधा १२० मिमी रुंदीचा असतो, तर जुन्या सहा-सात गिअरच्या फ्रेममध्ये १२६ मिमी जागा असते. नट आवळून फ्रेम दाबत बसू नका. दोन्ही बाजूंना ३ मिमीचे वॉशर घाला. जुनी चाकं २७ इंची असतील आणि नवी ७००सी (थोड्या लहान मापाची) घेतली, तर रिमची कड ४ मिमी खाली जाते. ब्रेकचे रबर तितके खाली सरकतात का, हे चाक घेण्याआधीच तपासा.

चेन तिरकी चालली तर आवाज करते आणि उतरतेही. फिक्सीवर चेन उतरली तर मागचं चाक जागीच अडकू शकतं. ट्रॅक हबची चेनलाइन (सायकलच्या मध्यरेषेपासून चेनचं अंतर) साधारण ४२ मिमी असते. जुन्या दुहेरी क्रँकवर पायडलजवळ दोन चेनव्हील (दातेरी चक्रं) असतात, त्यातल्या आतल्या चेनव्हीलची जागा याच्या जवळ येते, म्हणून चेनव्हील तिथे लावा आणि ते फ्रेमला घासत नाही ना, तेही बघा. एकाच चेनव्हीलसाठी बोल्ट आखूड लागतात.

चेन मधोमध वर-खाली सुमारे एक सेंटिमीटर हलायला हवी. क्रँक फिरवताना ती एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल होत असेल, तर चेनव्हील मध्यावर नाही. बोल्ट किंचित सैल करा, चेन ताठ होते तिथे हलकी टिचकी मारा, पुन्हा फिरवून बघा. फिरत्या चेनजवळ बोट किंवा फडकं अजिबात नेऊ नका. इथे चेन आपोआप थांबत नाही, बोट तुटू शकतं.

दातांचं गणितही आधी करा. चेनव्हीलला ४८ आणि कॉगला १६ दात घेतलेत तर भाग पूर्ण जातो, आणि तोच पाय पुढे ठेवून स्किड केलं (पायांनी चाक अडवून घसरवलं) की टायर दर वेळी एकाच जागी घासतो. ४६ आणि १६ घेतलेत तर ती झीज आठ जागी वाटली जाते.

सगळं जोडून झालं की एक चढ जोर लावून चढा. त्याने कॉग आट्यांवर पक्का बसतो. मग लगेच लॉकरिंग पुन्हा आवळा, उतारावर त्यानंतरच जा.