झाड हलवायचंय? मग कुदळ आत्ता काढा

डिसेंबर लागला, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी पहाटे गाड्यांच्या टपांवर दव गोठायला लागलं, की आमच्या नर्सरीत एक ठरलेली चौकशी सुरू होते. कुणाच्या बंगल्याचं काम निघालेलं असतं, कुणाला शेततळं काढायचं असतं, आणि नेमकं मधे सात-आठ वर्षांचं जांभळाचं झाड येतं. तोडायला मन होत नाही. ‘क्रेन कधी सांगू?’ असं विचारतात. माझं उत्तर दरवर्षी तेच: क्रेन सप्टेंबरात सांगा. आता फक्त कुदळ, करवत आणि दोन गडी लागतील.

सप्टेंबर ऐकून लोक खट्टू होतात. पण झाडाची पाणी पिणारी मुळं खोडाजवळ नसतात. ती बारीक, केसासारखी असतात आणि फांद्यांचा घेर संपतो तिथे, बऱ्याचदा त्याच्याही पलीकडे, वरच्या हात-दीड हात मातीत पसरलेली असतात. एका दिवसात खणून झाड उचललं की ही सगळी मागे राहतात. हुंडीत, म्हणजे झाडाबरोबर उचललेल्या मातीच्या गोळ्यात, येतात ती फक्त जाड मुळं. ती झाडाला धरून ठेवतात, पाणी मात्र फारसं पीत नाहीत.

हे मी पैसे आणि झाड दोन्ही घालवून शिकलो. पाचगणीजवळच्या एका प्लॉटवरचं जांभूळ फेब्रुवारीत जेसीबी लावून एका सकाळी काढलं. खोड चार इंच जाड, हुंडी जेमतेम दोन फुटांची. नव्या जागी लावल्यावर तीन आठवड्यांत तांबूस पालवी फुटली. मालकाने पेढे वाटले, मीही खाल्ले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाड आठ दिवसांत वाळलं. पालवी आली होती ती खोडात साठवलेल्या अन्नावर. मुळं सुरूच झाली नव्हती. तेव्हापासून, स्थलांतर केलेल्या झाडाला फुटवा आला म्हणून कुणी फोटो पाठवला तर मी अभिनंदन करत नाही, पुढच्या उन्हाळ्यानंतरचा फोटो मागतो.

म्हणून मुळं आधी तयार करायची, झाड नंतर हलवायचं. झाडाभोवती चर खणून मुळं आधीच कापायची, म्हणजे खोडाजवळ नवी बारीक मुळं फुटतात. यालाच खांदणी म्हणतात.

खांदणी

जमिनीपासून वीतभर वर खोडाची जाडी मोजा. जाडीच्या दहा ते बारा पट रुंद हुंडी लागते. चार इंची खोडाला चाळीस ते अठ्ठेचाळीस इंच, म्हणजे साधारण सव्वातीन ते चार फूट. एवढ्या हुंडीचं ओल्या मातीसकट वजन अर्ध्या टनाच्या वर जातं, तेव्हा ‘चार पोरं उचलतील’ हा विचार आधीच सोडा. खोड आठ इंचांच्या पुढे असेल तर हे घरचं काम नाही, जाणकाराला बोलवा.

हुंडीची रेषा फक्कीने आखा. खांदणीचा चर मात्र त्या रेषेच्या चार-पाच बोटं आत घ्या. नवी मुळं कापलेल्या टोकांपासून फुटतात, चरातल्या भुसभुशीत मातीत शिरतात, आणि ती हुंडीबरोबर आली पाहिजेत. बाहेर राहिली तर सगळी मेहनत फुकट. वर्तुळाचे सहा भाग करा आणि एक सोडून एक असे तीनच भाग आता खणा. रुंदी फावड्याएवढी, खोली दीड ते दोन फूट. जाड मूळ लागलं की करवतीने स्वच्छ कापा. कुऱ्हाडीने तोडलं किंवा जेसीबीच्या दाताने ओढलं तर ते आतपर्यंत चिरतं आणि तिथून कुजतं.

चर भरताना निघालेलीच माती वापरा. तीन घमेली मातीला एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत पुरे. युरिया अजिबात नको. थंडीत कोवळा फुटवा काढून द्यायचा आणि मग तो दवाने करपताना बघायचा, हा उद्योग कशाला? भरलेल्या चराला पाणी द्या आणि चराच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. खुंट्या नसल्या तर सहा महिन्यांनी कुठे खणलं होतं ते सापडत नाही. गडी तर बदललेलेच असतात.

उरलेले तीन भाग मृगात, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. आणि झाड हलवायचं उत्तरा नक्षत्रात, म्हणजे साधारण १३ सप्टेंबरनंतर.

उत्तराच का

झाड पावसाळ्याच्या तोंडावर लावायचं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. सखल भागातल्या रोपांना ते लागू आहे. महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा हिस्सा जुलै-ऑगस्टमध्ये. खाली जांभा दगड. त्यात खणलेला खड्डा म्हणजे हौदच. मुळं कापलेलं झाड दोन महिने त्या हौदात उभं राहिलं तर ते कुजतं, आणि वरून पश्चिमेचा वारा त्याला हलवत राहतो. सप्टेंबरच्या मध्यावर पाऊस ओसरतो, माती ऊबदार असते आणि कडाक्याची थंडी पडायला दोन-अडीच महिने मिळतात. मुळांना तेवढे हवेच असतात.

गंमत म्हणजे माण, खटाव, जत, आटपाडीकडेही मी हेच नक्षत्र सांगतो, कारण मात्र बरोबर उलटं. तिकडे जून-जुलै बऱ्याचदा कोरडे जातात आणि खरा पाऊस परतीचा, उत्तरा-हस्तातलाच असतो.

पानगळीच्या झाडांना सूट आहे. पांगारा, चाफा ही झाडं निष्पर्ण असताना, जानेवारीच्या शेवटी, पालवी हलायच्या आत उचलता येतात. पाणी मात्र सबंध उन्हाळा द्यावं लागतं. खरं तर पांगाऱ्याचं झाड हलवण्यापेक्षा मनगटाएवढी फांदी तोडून लावा, ती लागतेच. वड-पिंपळाचंही तसंच. वडाला मुळं फोडायला निमित्तच लागतं. वैराटगडाच्या पायथ्याला म्हसव्याचा वड १८८२ साली मोजला, तेव्हा त्याच्या पसाऱ्याचा घेर १,५८७ फूट भरला होता. तो पसरला पारंब्यांनी, एकेक जमिनीत टेकवत. म्हणून वडाच्या फांद्या छाटून उरलेला बुंधा हलवला तरी तो जगतो. ते बघून लोक जांभूळ, बकुळ, आंबाही तसाच मुंडकं छाटून हलवतात, आणि तिथे फसतात. या झाडांच्या फक्त मेलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. पानं राहू द्या, नव्या मुळांचं अन्न तीच बनवतात.

सिल्व्हर ओकबद्दल पाचगणीत हमखास विचारतात, कारण तिथे रस्त्याच्या कडेला आणि शाळांच्या आवारात तो सगळीकडे आहे. मोठा सिल्व्हर ओक हलवू नका. मुळं दुखावलेली त्याला चालत नाहीत. स्फुरदही (फॉस्फरस) जास्त झालेलं सोसत नाही, त्यामुळे खड्ड्यात सवयीने सुपर फॉस्फेटची मूठ टाकली की आपणच त्याचा घात करतो. हिरड्याचं मूळ सरळ खोल जातं, तेव्हा त्याच्याही वाटेला जाऊ नये.

परवानगीचं एकाच वाक्यात सांगतो. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१ पासून वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे, आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा चर खणायच्या आधी कागद हातात असू द्या. आणि झाड खरंच जुनं असेल तर ते न हलवण्याचा विचार आधी करा. मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोशाच्या जुन्या वडासाठी २०२० मध्ये महामार्गाची आखणी बदलली होती. आपली कंपाउंडची भिंत तीन फूट सरकवणं त्याहून सोपं आहे.

थंडी नेमकी कुठे बसते

गेल्या सप्टेंबरात हलवलेली झाडं सध्या पहिल्या थंडीत उभी आहेत. त्यांच्याकडे या दोन महिन्यांत नीट बघा.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते. तिला लागून असलेली हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत खोलगट जागी साठते. म्हणून वेण्णेच्या काठी, लिंगमळ्याला दव गोठतं आणि थोड्याच अंतरावर चढावरच्या बंगल्यात नुसता गारठा असतो. तुमच्या आवारातही असा एखादा खळगा असतोच. भल्या पहाटे फिरून बघा, गवत पांढरं दिसतं ती जागा. तिथे कोवळं, सदाहरित झाड लावू नका. उताराच्या खालच्या अंगाला दाट कुंपण किंवा भिंत असेल तर त्यात चार फुटांची वाट ठेवा. नाहीतर थंड हवा तिथे अडते आणि बांधाआड पाणी तुंबावं तशी साठते.

संध्याकाळी बुंध्याभोवतालची माती ओली करा. ओली माती दिवसा जास्त ऊब धरते आणि रात्री ती हळूहळू सोडते. लहान झाडांवर चार बांबू रोवून गोणपाट टाका, पण ते पानांना चिकटू देऊ नका. सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिक पानाला टेकलं तर जिथे टेकलं तिथेच पान आधी करपतं. ओला कचरा पेटवून धूर करा असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. माझा त्यावर भरवसा नाही. नुसत्या धुराने ऊब टिकत नाही, आणि आमच्या उतारांवर तो खालच्या गावात जातो.

खरं नुकसान मात्र अनेकदा दिवसा होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्वेकडून कोरडं वारं सुटतं. पानातून पाणी उडत राहतं आणि गारठलेल्या मातीतली अपुरी मुळं तेवढं ओढू शकत नाहीत. पानांच्या कडा तपकिरी होतात. लोक त्याला रोग समजून औषध मारतात. औषध नको, पूर्वेच्या अंगाला शेडनेटचा आडोसा करा आणि हुंडीला पाणी द्या.

हुंडीला म्हणतोय, आळ्याच्या काठाला नाही. बाहेरची माती चिखल आणि आतली हुंडी ठणठणीत कोरडी, असं नेहमी सापडतं. लोखंडी सळई खोडापासून हातभर अंतरावर खुपसून बघा. ती सहज जात नसेल, वर काढल्यावर कोरडी धूळ लागली असेल, तर पाणी हवंय. चार इंची खोडाच्या झाडाला एका वेळी चाळीस-पन्नास लिटर, सावकाश. पहिले दोन महिने चार-पाच दिवसांनी, पुढे आठ-दहा दिवसांनी, मृगापर्यंत. आणि दुसऱ्या उन्हाळ्यातही. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी तोडल्यामुळे मेलेली झाडं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आच्छादन चार बोटं जाड घाला. इकडे डोंगरावर पालापाचोळा, खाली कराड-वाळव्याकडे उसाचं पाचट आयतं मिळतंच. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते आणि पाचटाखालून वाळवी चढते. दाटीतून उघड्यावर आणलेल्या झाडाची साल नैऋत्येच्या अंगाला उभी चिरते. दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारठा तिला झेपत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, अशी बोर्डो पेस्ट गुडघ्याच्या वरपर्यंत लावा.

दवाने करपलेली टोकं दिसली की हात शिवशिवतात, पण होळीपर्यंत कात्री लावू नका. ती मेलेली टोकं खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटायच्या कोंबांना, पांघरुणाचं काम करतात, आणि आता छाटलं तर पुढच्या गारठ्याच्या तोंडावर नवा फुटवा निघतो. पालवी कुठून फुटते ते दिसू द्या, मग त्याच्या वरचं छाटा.

लावायच्या दिवसाबद्दल सप्टेंबरात सविस्तर लिहीनच, पण खड्डा आधी खणून ठेवणारे असतात, म्हणून आत्ता एवढंच. खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, हुंडीपेक्षा खोल मात्र नको. खोड जिथे मुळांकडे पसरायला लागतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. खड्ड्यात संध्याकाळी पाणी भरा. सकाळपर्यंत मुरलं नाही तर ती जागा सोडा, किंवा झाड उंचवट्यावर बसवा. आणि आजच खोडावर उत्तरेच्या अंगाला गेरूचा एक पट्टा मारा, म्हणजे नव्या जागी झाडाचं तेच अंग उत्तरेला राहील. आमचे अण्णा एवढं केल्याशिवाय कुदळीला हात लावू देत नसत.

नर्सरीवाल्याने हे सांगू नये, तरी सांगतो. थंड देशांत खोडाच्या दर इंचामागे झाड सावरायला एक वर्ष धरतात. आपल्याकडे ते लवकर सावरतं, तरी दोन वर्षं जागच्या जागी थांबतंच. तेवढ्या काळात चार फुटी चांगलं रोप मुळं रोवून वाढीला लागतं, आणि काही वर्षांनी दोघं बरोबरीला आलेली दिसतात. झाडाशी आठवणी जोडलेल्या नसतील तर रोपच घ्या. फक्त सांगली-कराडच्या ऊबेत वाढलेली रोपं या महिन्यात वर आणू नका. आणलीच असतील तर तीन-चार आठवडे ओसरीला, पूर्वेचं वारं लागणार नाही अशा बाजूला ठेवा. रोज थोडा वेळ उघड्यावर काढा, आणि जमिनीत लावायचं ते फेब्रुवारीचा गारठा ओसरल्यावर.