स्वस्तातले झोंबी पिक्चर कसे बघायचे

पहिलं म्हणजे पोस्टरवर अजिबात जाऊ नका. पोस्टरवर जळतं शहर, दोन हेलिकॉप्टर, खाली हजारभर मुडदे, आणि पिक्चर लावला की चार जण एका गोडाऊनमध्ये बसून पाऊण तास नुसते एकमेकांवर ओरडतायत, बाहेर झोंबी आलेत हे दार वाजतं त्यावरून समजून घ्यायचं. खरा पोपट होतो तो इथे, मेकअप भंगार असला तर उलट मजाच येते. त्यामुळे आधी ट्रेलर म्यूट करून बघा आणि एका वेळी स्क्रीनवर किती झोंबी दिसतात ते मोजा, चार-पाचाच्या वर जातच नसतील तर सरळ सोडून द्या.

बजेट कमी म्हणजे पिक्चर टुकार असं नाही हां. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे खपून गेलं. रिलीजच्या वेळी नाव बदललं आणि नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहिली, त्यामुळे अमेरिकेत तो पब्लिक डोमेनमध्ये गेला आणि नेटवर फुकट सापडतो. सुरुवात याच्यापासून करा, म्हणजे पुढच्यांनी काय काय ढापलंय ते आपोआप कळत जातं.

मग इटालियन माल. रोमेरोचा पुढचा झोंबी पिक्चर 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) इटलीत 'झोंबी' नावाने लागला होता, तर लुचिओ फुल्चीच्या पिक्चरला १९७९ मध्ये बिनधास्त 'झोंबी २' नाव देऊन टाकलं, कथेचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण त्यात पाण्याखाली झोंबी आणि शार्कची मारामारी आहे आणि शार्क खरा आहे! तो सीन चुकवला तर बघून उपयोग नाही. ब्रुनो मातेईच्या 'हेल ऑफ द लिव्हिंग डेड' (१९८०) मध्ये जंगलाचे शॉट्स दुसऱ्याच फिल्ममधून उचलून चिकटवलेत, आणि झोंब्यांनी भरलेल्या घराची झडती घ्यायला गेलेला एक कमांडो मध्येच बॅलेचा हिरवा झगा घालून नाचायला लागतो, का ते विचारू नका.

फ्रेंच 'झोंबी लेक' बघताना हिरॉइनकडे नाही, झोंब्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. तळ्यातून नाझी सैनिकांचे मुडदे वर येतात, तोंडाला हिरवा रंग फासलेला, आणि चावायला वाकले की तोच रंग समोरच्याला लागतो. पाण्याखालचे शॉट्स तर चक्क स्विमिंग पूलमधले. दिग्दर्शक झाँ रोलाँनं यावर स्वतःचं नाव न लावता टोपणनाव लावलं, शहाणा माणूस.

टाळायचे ते मुद्दाम वाईट केलेले पिक्चर, कल्ट होणार, म्हणजे मोजके चाहते डोक्यावर घेणार, हे ठरवूनच काढलेले. पैसे नव्हते म्हणून फसलेला सीन हसवतो, पाट्या टाकलेला सीन नुसता पकवतो. आणि मागच्या रांगेतले एक्स्ट्रा बघत जा, एखादा तरी हसू दाबत चालत असतो.

सगळ्यात शेवटी जपानी 'वन कट ऑफ द डेड' (२०१७). बजेट जेमतेम ३० लाख येन, पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट, तीही इतकी अडखळत जाते की हात रिमोटकडे जाणारच, पण बंद करू नका, आणि त्याच्याबद्दल आधी एक अक्षरही वाचू नका.