टॅपेट वाजतात म्हणून आवळू नका: व्हॉल्व्ह सेटिंगच्या या चुका टाळा

"टॅपेट वाजतायत, जरा टाइट करून द्या." गॅरेजमध्ये हे वाक्य नेहमी कानावर पडतं. टॅपेट वाजणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यातल्या बारीक गॅपमुळे होणारी टिकटिक. गिऱ्हाइकाचं मन राखायला मेकॅनिकही टिकटिक पूर्ण थांबेपर्यंत ही गॅप ठरवणारा स्क्रू आवळतो. गाडी शांत होते, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं आयुष्य तिथूनच घटायला लागतं.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडवणाऱ्या शाफ्टचा, एक होतो. म्हणजे ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) बसतो. सगळं महत्त्व या बसण्याला आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून धगधगता गॅस जातो. त्यातून घेतलेली बरीचशी उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते, आणि तीही व्हॉल्व्ह सीटला टेकलेला असतो तेवढ्याच वेळात. टॅपेटला गॅप उरली नाही तर रॉकर व्हॉल्व्हला पूर्ण बसूच देत नाही. उष्णतेची वाट बंद होते, वर त्या बारीक फटीतून जळता गॅस सुटत राहतो. कड जळते, कॉम्प्रेशन जातं, किक हलकी लागते आणि शेवटी हेड उतरवावं लागतं.

थोडा आवाज परवडला, पूर्ण शांतता नाही. रॉकर किंवा स्क्रूचं टोक झिजलं की गॅप वाढते, टिकटिक होते, पिकअप थोडा पडतो. निदान आपल्याला कळतं तरी. पण व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेला की त्याची दांडी रॉकरच्या दिशेने सरकते आणि गॅप गुपचूप कमी होते. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात सीट जास्त झिजू शकते. त्यामुळे सीएनजी रिक्षावाल्यांनी तर आवाजाची वाट न बघता ठरल्या वेळी गॅप तपासून घ्यावी.

गरम इंजिनावर सेटिंग. मॅन्युअलमधली गॅप थंड इंजिनाची असते. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच बाइकना ती ०.०५ ते ०.१० मिमी एवढीच, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकी किंवा त्याहून कमी असते. इंजिन तापलं की हेड, सिलिंडर, व्हॉल्व्ह कमीजास्त प्रसरण पावतात आणि हा आकडा निरर्थक ठरतो. गाडी रात्री गॅरेजला सोडा, काम सकाळी करून घ्या.

चुकीचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा). ही चूक सर्रास होते. मॅग्नेटोवरची 'टी' खूण जुळली म्हणजे झालं, असं नाही. ती क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला जुळते: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. एक्झॉस्टच्या शेवटी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, तिथे गॅप मिळणारच नाही. खूण जुळली की दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्हींत जरासा खेळ जाणवला तर जागा बरोबर. नाहीतर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

लॉक नट आवळून सोडून देणं. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो आणि गॅप बदलते. म्हणून आवळून झाल्यावर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) पुन्हा घालून बघा. तो हलकासा अडकत सरकला पाहिजे. एक्झॉस्टची गॅप पुष्कळ इंजिनांत इनटेकपेक्षा जास्त असते, तेव्हा दोन्हीकडे एकच पाती वापरण्याआधी मॅन्युअल बघा.

सगळाच आवाज टॅपेटचा नसतो, हेही लक्षात असू द्या. आधी ऑइलची पातळी बघा, मग टायमिंग चेनचा टेन्शनर. बुलेटच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तिथे स्क्रू शोधत बसू नका. स्क्रूऐवजी शिम (ठरावीक जाडीची चकती) असलेल्या इंजिनात गॅप मोजून योग्य जाडीची शिमच टाकावी लागते.

कॉम्प्रेशन गेलं म्हणून थेट पिस्टन-रिंगचा खर्च काढू नका. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन मोजा. वाढलं तर संशय रिंगवर, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्हवर. हेड उतरलंच तर व्हॉल्व्ह बसलेले असताना पोर्टमध्ये रॉकेल ओता. ते सीटपाशी पाझरलं की गळती समोर दिसते. नवा व्हॉल्व्ह टाकण्याआधी त्याची दांडी गाइडमध्ये (दांडी ज्या नळीतून सरकते तिच्यात) घालून डावी-उजवी हलवा. गाइड ढिलं असेल तर व्हॉल्व्ह कितीही घासून बसवला तरी तो सीटवर सरळ बसणार नाही. आधी गाइड बदला, मग सीट कापा, आणि पेस्ट लावून घासणं सगळ्यात शेवटी.