विसाव्या शतकाचा इतिहास रिव्हाइज करताना या चुका टाळा (आणि बर्लिनची भिंत १९४८ ला बांधू नका)

"सर, सनावळ्या सगळ्या पाठ झाल्या." फेब्रुवारीत हे वाक्य कानावर आलं की मला धडकीच भरते, कारण नुसत्या सनावळ्या पाठ केलेलं पोरगं हमखास भलत्याच घटनेला भलताच सन चिकटवून मोकळं होतं. परभणीत बारावी आर्ट्सचा इतिहास शिकवतो मी, सराव पेपर तपासतो, आणि दरवर्षी त्याच चुका त्याच जागी, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

बर्लिनचं आधी घेतो, सगळ्यात जास्त जीव तिथंच जळतो. शीतयुद्धात बर्लिन दोनदा येतं, एकदा नाकेबंदी, एकदा भिंत. नाकेबंदी जून १९४८ ते मे १९४९. भिंत १३ ऑगस्ट १९६१. मधी बारा-तेरा वर्षं, आणि पोरं दोन्ही एकात कालवतात. मागं एका सराव परीक्षेत एका पोरीनं, चांगली हुशार, अक्षर बघत राहावं असं, लिहिलं की रशियानं भिंत बांधली म्हणून अमेरिकेला विमानानं धान्य पोचवावं लागलं. बोलावलं तिला. म्हटलं, बाई, भिंतीला गेट असेलच की, मग ट्रक कामून गेले नाहीत? तर म्हणे, "सर, गेट बंद केलं असेल." म्हटलं बरं, नकाशात बर्लिन दाखव. तिनं बोट ठेवलं ते पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या बरोबर सीमेवर. घोळ तिथं होता, सनात नव्हताच. तिनं बर्लिनच जागेवरून हलवलेलं.

बर्लिन सीमेवर नव्हतं. सोव्हिएत ताब्यातल्या भागात पार आत होतं, संभाजीनगर ते परभणी साधारण जेवढं अंतर तेवढं आत, आणि त्या शहराचे परत चार वाटे: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया. १९४८ च्या जूनमध्ये पहिल्या तिघांनी आपल्या भागात नवीन चलन आणलं, डॉइश मार्क, त्यावर स्टालिननं पश्चिम बर्लिनला जाणारे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले, मग वीस लाखांच्या वर लोकांना पिठापासून कोळशापर्यंत सगळं विमानानं न्यावं लागलं. सुमारे २३ लाख टन माल गेला आणि त्यात निम्म्याच्या वर कोळसाच होता, हे सांगितलं की पोरं पहिल्यांदा वहीतून मान वर करतात.

भिंतीचं कारण वेगळंच. पूर्व जर्मनीतले लोक, त्यातले कितीतरी डॉक्टर, इंजिनिअर, बर्लिनमार्गे पश्चिमेला निघून जायलेले, १९४९ पासून २५ लाखांच्या वर गेले, त्यांना अडवायला ती बांधली. म्हणजे नाकेबंदी बाहेरच्यांना हुसकावायला आणि भिंत आपल्याच माणसांना कोंडायला. एवढं डोक्यात बसलं तर सन एखादवेळेस चुकला तरी उत्तर उभं राहतं.

सन लक्षात ठेवायची माझी सवय सांगतो, कुठल्या पद्धतीत बसते का माहीत नाही. मराठवाड्यातल्या लेकराला १७ सप्टेंबर १९४८ शिकवावा लागत नाही, मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्यापुढं उभं राहून पाय दुखलेले असतात त्याचे. मग तिथंच बाकीचं टांगायचं. आपल्याकडं भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या तेव्हा तिकडं बर्लिनला विमानामागं विमान उतरायलेलं. निजामानं हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेलेला, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढं तो आला आणि दुसऱ्या दिवशी इकडं निजाम शरण. आणि हीच तारीख अजून एका जागी कामाला येते: १७ सप्टेंबर १९३९, सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या. १ सप्टेंबरचा हिटलर सगळ्यांना पाठ, १७ चा स्टालिन कुणालाच नाही, आणि म्हणून २३ ऑगस्टचा नाझी-सोव्हिएत करार उत्तरात आला तरी त्याचं पुढं काय झालं हे कुणी लिहीत नाही.

आता दुसरा माझा आवडता आजार, अपेक्षित प्रश्नसंच. त्यातली उत्तरं खोटी नसतात हो, पण ती पाठ करणारं पोरगं प्रश्न वाचतच नाही. एकदा मी दिला होता, "व्हर्सायच्या तहात दुसऱ्या महायुद्धाची बीजे होती, विधान सकारण स्पष्ट करा." एका भाऊसाहेबांनी 'महायुद्ध' आणि 'कारण' एवढे दोन शब्द पाहिले आणि पहिल्या महायुद्धाची कारणं दीड पान उतरवली. लष्करवाद, साम्राज्यवाद, गुप्त करार, साराजेव्होचा खून, सगळं ओळीनं, एक मात्रा चुकलेली नाही. मी शून्य दिला. त्याचे वडील भेटायला आले, "सर, एवढं लिहिलंय, काहीतरी द्या की." म्हटलं, काका, लिहिलंय खरं, पण १९१४ च्या आधीचं लिहिलंय, आणि तह आहे युद्ध संपल्यावर जर्मनीवर लादलेला, २८ जून १९१९ चा. काका गप झाले, पोरगं मात्र महिनाभर माझ्यावर रुसून होतं.

बरं, जे प्रश्न वाचतात ते तरी काय लिहितात? तह झाला, जर्मनीचा अपमान झाला, हिटलर आला. संपलं. अरे, १९१९ आणि १९३३ च्या मधी चौदा वर्षं गेली की. अपमान तर होताच: कलम २३१ मध्ये युद्धाचा दोष माथी, सैन्य एक लाखावर, अल्सेस-लॉरेन फ्रान्सला, वसाहती गेल्या, १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई ठरली, १९२३ ला चलन पार मातीमोल. तरी १९२८ च्या निवडणुकीत नाझींना तीन टक्केसुद्धा मतं नव्हती. मग ऑक्टोबर १९२९ ला न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, ज्या अमेरिकन कर्जावर जर्मनी सावरायली होती ते आटलं, बेकार साठ लाखांच्या घरात गेले, आणि जुलै १९३२ ला तीच मतं ३७ टक्के. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सलर. तहानं राग दिला, मंदीनं मतं दिली, दोन्ही लिहा. ज्याच्या पेपरात १९२९ दिसतं त्याला मी आधीच अर्धा मार्क जास्त देऊन बसतो, खोटं कशाला बोलू.

'सगळं शीतयुद्ध एका तासात' असले व्हिडिओ पेपरच्या आदल्या रात्री दीडपट स्पीडवर बघणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ती जमात ऐकत नसते. फक्त बघून झाल्यावर मोबाइल उलटा ठेवा आणि कोऱ्या कागदावर १९४५ ते १९९१ एक रेघ मारून आठवेल ते भरा. दहा घटना नीट आल्या तर झोपा, नाही आल्या तर तो तास वाया गेला समजा. लातूर पॅटर्नचं नाव घ्यायला सगळे पुढं असतात, पण त्यातलं पेपर परत परत लिहून काढणं म्हटलं की हात दुखायलेत.

आता पटपट काही, हे 'चुकीची जोडी ओळखा'मध्ये हमखास मार्क खातात.

इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात होती, पण १९१५ ला युद्धात उतरली ती त्यांच्याच विरुद्ध. जपान पहिल्या महायुद्धात दोस्तांकडून, दुसऱ्यात विरोधात. दोन्ही युद्धांच्या गटांचा एकच तक्ता करणाऱ्यांनी तो आजच फाडावा.

राष्ट्रसंघाची (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) कल्पना उचलून धरली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी, आणि अमेरिकाच सदस्य झाली नाही, सिनेटनं तह मंजूर केला नाही.

ऑक्टोबर क्रांतीची तारीख ७ नोव्हेंबर १९१७ बघून छपाईची चूक समजू नका. रशियाचं जुनं कॅलेंडर तेरा दिवस मागं होतं.

नाटो (अमेरिकेच्या गटाची लष्करी युती) १९४९, वॉर्सा करार (सोव्हिएत गटाची) १९५५. एकाच वर्षी लिहिणारे दरवर्षी भेटतात. पश्चिम जर्मनी नाटोत घेतली मे १९५५ मध्ये आणि त्याच महिन्यात वॉर्सा करार झाला, असं जोडून ठेवा.

बांडुंग १९५५ ही आशिया-आफ्रिकेतल्या देशांची परिषद. अलिप्ततावादी चळवळीची पहिली शिखर परिषद १९६१ ला बेलग्रेडमध्ये, टीटोच्या युगोस्लाव्हियात. टीप अलिप्ततावादावर आली तर दोन्ही लिहा, पण आधी बांडुंग, मग बेलग्रेड, आणि टीटोला बांडुंगला नेऊ नका, तो तिथं नव्हता.