ऑटोमॅटिक गाडीचा गियर ‘पी’मध्ये अडकला तर

पोळ्याला आमचे जावई पुण्याहून नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आले. घरासमोरच्या उतारावर ती लावली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा पाहून निघायला बसले, तर गियर ‘पी’मधून, म्हणजे पार्किंगमधून, हलेना. त्यांनी ओढला, त्यांच्या साळ्यानं ओढला. शेवटी शेजारचे काका ओट्यावरून ओरडले, “काहून ओढून राह्यले जावईबापू, तुटन ना तो!”

काकांचं बरोबर होतं. ब्रेक दाबल्याशिवाय गियर ‘पी’मधून निघू नये म्हणून गियरच्या दांड्याखाली विजेवर चालणारी एक खिट्टी असते. ब्रेक दाबला की पायडलवरचा छोटा स्विच तिला निरोप देतो आणि ती बाजूला सरते. निरोप पोहोचला नाही तर कितीही जोर लावा, तुटेल ते प्लास्टिकच.

आधी एक खुलासा. आपल्याकडे गावात दिसणाऱ्या बऱ्याच स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या एएमटी प्रकारच्या (साध्याच गियरबॉक्सला आपोआप क्लच-गियर बदलणारी यंत्रणा जोडलेल्या) असतात आणि त्यातल्या बहुतेकींत ‘पी’ नसतोच. हे सगळं ज्यांत ‘पी’ आहे त्यांच्यासाठी.

काहीही करण्याआधी हँडब्रेक ओढा आणि उताराच्या बाजूनं चाकांना गोटे लावा. गियर अचानक सुटला तर गाडी जागेवर राहिली पाहिजे.

आता चावी ‘ऑन’वर आहे का पाहा. बटणाची गाडी असेल तर डॅशबोर्डवरचे दिवे लागले पाहिजेत. ब्रेक जोरात दाबा. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबला की पायडल दगडासारखं कडक होतं. मग नेहमीच्या जोरानं ते पुरतं खाली जात नाही आणि स्विच लागत नाही. पायडलमागे पाण्याची बाटली किंवा गुंडाळलेली चटई अडकली नाही ना, तेही वाकून बघा. हसू नका, असं होतं.

तरी हलत नसेल तर कोणाला तरी मागे उभं करून ब्रेकलाइट लागतो का विचारा. एकटे असाल तर गाडीमागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का पाहा. लाइट लागत नसेल तर दोष बहुधा ब्रेकच्या स्विचमध्ये किंवा फ्यूजमध्ये आहे. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात कोणता फ्यूज कशाचा ते दिलेलं असतं. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवू नका, वायरिंग जळेल. फ्यूज ठीक असेल तर बोनेट उघडा. सोयाबीनची पोती ठेवलेल्या शेडमध्ये गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायर कुरतडली असण्याची शक्यता धरून चाला.

ब्रेकलाइटच नव्हे, सगळेच दिवे मंद असतील तर बॅटरी उतरली आहे. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर दम सोडतात. दुसऱ्या गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून जंपर लावा. ट्रॅक्टरचीही साधारण तेवढ्याच व्होल्टची असते. ट्रकची जोडणी बरेचदा २४ व्होल्टची असते, तिच्या नादी लागू नका.

लाइट लागतो, दांड्याखाली ‘टिक’ असा आवाजही येतो, पण दांडा घट्टच? मग अडचण उताराची आहे. आमच्या जावयांची हीच होती. ‘पी’ टाकल्यावर गियरबॉक्समधला एक लोखंडी दात दातेरी चाकात जाऊन बसतो. हँडब्रेक न ओढता पाय काढला की गाडीचं सगळं वजन त्या एवढ्याशा दातावर येतं. ते वजन काढायचं म्हणजे गाडी वीतभर चढाच्या बाजूला सरकवायची. चालकानं आत बसून पाय ब्रेकवर ठेवायचा आणि हँडब्रेक सोडायचा. मग बाकीच्यांनी दाराच्या खांबांना धरून, बाजूला उभं राहून ढकलायचं. गाडीच्या खालच्या अंगाला कोणीही नाही. ढकलताना ब्रेक जरा सैल करायचा, गाडी सरकताच पुन्हा दाबायचा आणि त्याच क्षणी गियर काढायचा. आमच्याकडे चौघांत काम झालं, ‘खट्ट’ असा आवाज आला आणि दांडा लोण्यासारखा सरकला. माणसं नसतील तर वरच्या बाजूनं ट्रॅक्टरला दोर लावून हळूच ताण द्या. दोर बंपरला नको, टोचनाच्या हुकाला बांधा.

चिखलदऱ्याला घाटात गाडी लावताना म्हणूनच क्रम पाळा: ब्रेकवर पाय, ‘एन’ (न्यूट्रल), हँडब्रेक, मग ब्रेक सैल करून वजन हँडब्रेकवर घ्या, पुन्हा ब्रेक दाबा आणि ‘पी’. मेळघाटात कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, मेकॅनिकला फोन कुठून करणार?

स्विच किंवा वायरीचा दोष जागेवर सुटत नसेल तर शेवटचा उपाय आहे. बऱ्याच गाड्यांत दांड्याशेजारी नखाएवढं प्लास्टिकचं झाकण असतं. पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळून ते उचला. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. आतल्या खाचेत चावी किंवा पातळ पेचकस घालून खाली दाबून धरा, दांड्याचं बटण दाबा आणि ‘एन’वर आणा. तिथेच इंजिन सुरू करा आणि थेट गॅरेज गाठा. ब्रेकलाइट बंद असेल तर दिवसाच निघा, अंधारात मागून येणाऱ्या ट्रॉलीवाल्याला तुमचा ब्रेक दिसणार नाही. काही गाड्यांत ही खाच झाकणांच्या आत दडवलेली असते, आणि गोल नॉब किंवा बटणाच्या गियरमध्ये ती नसतेच. तिथे पुस्तकात पाहा.

काहीच जमलं नाही तर गाडी ‘पी’मध्येच ट्रॅक्टरमागे फरफटत नेऊ नका. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असेल तर गाडीची पुढची चाकं उचलून, नाहीतर सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते.